राज्यातले सिग्नल मोजायचे तर आधी ‘एक सिग्नल’ म्हणजे काय ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : महाराष्ट्रातले सगळे वाहतूक सिग्नल मोजून ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणीही भर घालू शकेल अशा खुल्या नकाशावर, टाकायचे आहेत, तेही नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी. सुरुवात कुठून करावी, आणि राज्यात एकूण सिग्नल आहेत तरी किती? मी हे काम २०१४ पासून करतो आहे. बरेच जिल्हे एसटीने पाहिले, काही मोटारसायकलवर, पुणं आणि मुंबई बहुतेक पायी. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. आकडा मी सांगणार नाही, कारण नुसता आकडा सांगून एकदा पस्तावलो आहे.

काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्याची मोजणी पुरी झाली तेव्हा ओळखीच्या एका पत्रकाराने आकडा विचारला. मी सांगितला. दुसऱ्या दिवशी ‘जिल्ह्यात इतके सिग्नल सुरू’ असं छापून आलं. मी मोजले होते सिग्नल बसवलेले चौक. त्यातले चालू किती आणि बंद किती, हे शेजारच्या रकान्यात होतं, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तेव्हापासून मी तीन गोष्टी बरोबर असल्याशिवाय आकडा तोंडातून काढत नाही : काय मोजलं, कोणत्या तारखेला पाहिलं, आणि त्या दिवशी ते कोणत्या अवस्थेत होतं. तुम्हीही पहिल्या दिवसापासून हीच सवय लावा. नंतर लावायची म्हटलं तर जुनी सगळी वही पुन्हा फिरून काढावी लागते. मी ती काढली आहे.

‘काय मोजलं’ हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. पुण्यातला अलका टॉकीजचा चौक डोळ्यांसमोर आणा. लकडी पुलावरून येणारा रस्ता, लक्ष्मी रस्ता, केळकर रस्ता, टिळक रस्ता, शास्त्री रस्ता, सगळे तिथे येऊन मिळतात. तिथले खांब मोजा, एक आकडा येईल. खांबांवरचे दिव्यांचे संच मोजा, दुसरा येईल. नकाशावर मॅपर मंडळींनी, म्हणजे नकाशा भरणाऱ्यांनी, टाकलेले नोड (बिंदू) मोजा, तिसरा. आणि बसथांब्यावर उभ्या असलेल्या पुणेकराला विचारा, तो म्हणेल एकच : अलकाचा सिग्नल. माझ्या मते पुणेकर बरोबर आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला थांबावं लागतं ते चौकात, खांबापाशी नव्हे. म्हणून माझं एकक चौक. एका यंत्रणेवर जे दिवे एकमेकांशी मेळ ठेवून बदलतात, तो एक सिग्नल. खांब आणि दिवे यांची नोंद हवी असेल तर जरूर ठेवा, पण बेरजेत फक्त चौक घ्या.

नकाशाचं मात्र वेगळं असतं, आणि नवे लोक इथेच अडखळतात. ओपनस्ट्रीटमॅपवर सिग्नल टाकायच्या दोन रीती रूढ आहेत. एकीत जिथे रस्त्यांच्या रेषा एकमेकींना छेदतात त्या बिंदूवरच सिग्नलचा टॅग, म्हणजे ओळखीची चिठ्ठी, लावतात. दुसरीत गाड्या जिथे थांबतात त्या स्टॉप लाइनवर, येणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर वेगळा नोड टाकतात. साध्या, दुभाजक नसलेल्या चौकात पहिल्या रीतीने एकच नोड पुरतो. पण दोन्ही रस्त्यांना दुभाजक असेल तर नकाशावर प्रत्येक रस्त्याच्या दोन रेषा असतात, छेदनबिंदू चार होतात आणि एका चौकाचे चार नोड दिसू लागतात. आता राज्यभरातले नोड ओव्हरपास टर्बोवरून, म्हणजे या नकाशातली माहिती शोधून देणाऱ्या संकेतस्थळावरून, काढून ‘महाराष्ट्रात इतके सिग्नल’ असं म्हणणाऱ्याने नक्की काय मोजलं? दुभाजक जास्त असलेल्या शहराचा आकडा त्याने फुगवला, एवढंच.

मी स्टॉप लाइनची रीत वापरतो, आणि तुम्हालाही तीच सुचवेन. कारण मार्ग शोधणाऱ्या प्रणालीत आहे. ओएसआरएम नावाची खुली प्रणाली मोटारीच्या तिच्या मूळ मांडणीत वाटेतल्या प्रत्येक सिग्नल नोडमागे २ सेकंद धरते. दुभाजकांच्या चौकात छेदनबिंदूंवर नोड असतील तर सरळ जाणाऱ्या गाडीच्या वाटेत दोन नोड येतात, म्हणजे एकाच लाल दिव्याचा दंड दोनदा. स्टॉप लाइनवर नोड असेल तर गाडीला एकदाच भेटतो, जसा प्रत्यक्षात भेटतो. २ सेकंद फार नाहीत, पण शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चूक साठत जाते, आणि दोन वाटांतली चुकीची वाट निवडली जाऊ शकते. एक काळजी घ्या : रस्ता दुहेरी आणि दुभाजक नसलेला असेल तर नोडला दिशेचा टॅगही लावावा लागतो, नाहीतर चौकातून बाहेर पडणारी गाडीही त्याच सिग्नलला थांबली असं धरलं जातं. ही दिशा रस्त्याची रेषा कोणत्या बाजूने आखली आहे त्यावर ठरते, उत्तर-दक्षिण पाहून नव्हे. एडिटरमध्ये, म्हणजे नकाशात बदल करायच्या साधनात, रेषेवर बाण दिसतात, ते पाहूनच लावा.

मग नोडचे चौक कसे करायचे? क्यूजीआयएस या नकाशांवर काम करायच्या खुल्या प्रणालीत डीबीस्कॅन नावाचं साधन आहे. ठरावीक अंतराच्या आतले बिंदू ते एका गटात घालतं. मी सुरुवातीला ५० मीटर धरतो आणि मग प्रत्येक शहर डोळ्यांखालून घालतो. जुन्या पेठांत ५० मीटरमध्ये दोन चौक एकत्र होतात; नाशिकच्या द्वारकेसारख्या ऐसपैस जागी एकाच चौकाचे तुकडे पडतात. ते हाताने दुरुस्त करावं लागतं, त्याला दुसरा उपाय मला सापडलेला नाही. हे साधन चालवण्याआधी बिंदू मीटरच्या प्रक्षेपात, म्हणजे अंतर मीटरमध्ये मोजणाऱ्या सपाट मांडणीत, आणा. अक्षांश-रेखांशातच ठेवले तर तुम्ही लिहिलेले ५० हे अंश धरले जातात आणि मुंबईपासून गडचिरोलीपर्यंत सगळा महाराष्ट्र एका चौकात येऊन बसतो. प्रक्षेप निवडताना ध्यानात असू द्या की आपलं राज्य यूटीएमच्या, म्हणजे रेखांशानुसार जगाचे पट्टे पाडणाऱ्या मीटरच्या प्रक्षेपाच्या, दोन पट्ट्यांत विभागलं आहे. ७८ अंश पूर्व रेखांशाच्या अलीकडचं सगळं ४३ उत्तर या पट्ट्यात, आणि पलीकडचं, म्हणजे मुख्यतः वर्धा, नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, शिवाय यवतमाळसारख्या जिल्ह्यांचा पूर्वेकडचा भाग, हे ४४ उत्तरमध्ये. मी पूर्व विदर्भ वेगळा काढतो.

ओव्हरपासमध्ये जिल्ह्याचं नाव टाकून शोध घेत असाल तर जपून. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. नावावर बेतलेला जुना शोध एके दिवशी रिकामा निकाल देतो, आणि त्या जिल्ह्यातले सिग्नल गेले कुठे असा प्रश्न पडतो. राज्यासाठी आयएसओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकातला, संकेत वापरा, जिल्ह्यांसाठी सीमेच्या रिलेशनचा, म्हणजे नकाशातल्या तिच्या एकत्रित नोंदीचा, क्रमांक लिहून ठेवा. नाव बदललं तरी तो सहसा बदलत नाही.

आता प्रत्यक्ष चौकात. माझा एक नियम आहे आणि तो मी मोडत नाही : सगळ्या बाजूंचे दिवे एकदा फिरून येईपर्यंत, म्हणजे एक पूर्ण चक्र होईपर्यंत, चौक सोडायचा नाही. बसच्या खिडकीतून हिरवा दिवा दिसला म्हणून सिग्नल चालू, असं लिहायचं नाही.

हे कशासाठी ते एका चौकावरून सांगतो. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी एसटी स्टँडच्या बाहेर चार रस्त्यांचा चौक आहे. बस वळताना समोर लाल दिवा दिसला, बस थांबली, हिरवा झाला, बस निघाली. वहीत मी ‘चालू’ लिहिलं. परतीची बस दीड तासाने होती म्हणून चहा घेऊन पुन्हा चौकात आलो आणि टपरीच्या कडेला उभा राहिलो. स्टँडकडच्या आणि समोरच्या बाजूचे दिवे बदलत होते. बाजारपेठेकडून येणाऱ्या रस्त्याच्या खांबावर तिन्ही दिवे काळे. चौथ्या रस्त्याच्या खांबावर हिरवा दिवाच नव्हता, त्याच्या जागी चिमण्यांनी काड्या भरल्या होत्या. बाजारातून येणारे लोक समोरच्या रस्त्याचा दिवा लाल झाला की आपण निघायचं, अशा अंदाजाने गाड्या काढत होते. टपरीवाल्या काकांना विचारलं, किती दिवस असं आहे? ते म्हणाले, “पोळ्याच्या आधी ट्रॅक्टर घासला तवापसून.” म्हणजे हा सिग्नल चालू आहे का बंद? माझ्या वहीत त्या दिवसापासून तिसरी अवस्था आली : अर्धा चालू. आणि शेरा, कोणत्या बाजूचा दिवा गेला आहे त्याचा. राज्यात अर्धे चालू असलेले चौक कमी नाहीत, आणि पायी उभं राहिल्याशिवाय ते दिसत नाहीत.

काकांचं उत्तर पाहा. चौकातल्या माणसांना तारीख सहसा आठवत नाही, सण आठवतो. गणपतीपासून बंद, दिवाळीच्या तोंडावर बसवला, पहिल्या पावसात खांब पडला. मी ते जसंच्या तसं लिहून घेतो आणि घरी येऊन पंचांगात पाहून महिना लावतो. रिक्षा स्टँड, पानटपरी, पेपरवाला, आणि चौकात ड्यूटीवर असलेले पोलीस, या चौघांपैकी एकाला तरी विचारल्याशिवाय बंद सिग्नलची नोंद पुरी होत नाही.

दिवा न लागलेला दिसला म्हणजे सिग्नल मेला, असंही नाही. गर्दीच्या वेळी वाहतूक पोलीस सिग्नल बंद करून हाताने वाहतूक सोडतात. वीज गेलेली असते. रात्री उशिरा बरेच सिग्नल नुसत्या लुकलुकत्या पिवळ्यावर टाकलेले असतात, आणि अशा वेळी पोहोचलेला मॅपर तिथे सोलर ब्लिंकर आहे असं समजून मोकळा होतो. ब्लिंकर ही वेगळी वस्तू आहे. हायवेच्या तिठ्यांवर, शाळेजवळ नुसता पिवळा किंवा लाल दिवा कायम लुकलुकत असतो, तो पाळीपाळीने गाड्या थांबवत-सोडत नाही. मी तो मोजत नाही. नकाशावर त्याच्या टॅगमध्ये वेगळी व्हॅल्यू, म्हणजे वेगळा प्रकार, लिहितो. चाकांवरचे ढकलते सोलर सिग्नलही धरत नाही, आज इथे, उद्या पुढच्या खोदकामापाशी. तर बंद सिग्नलबद्दल माझा नियम असा : वेगवेगळ्या वेळी तीन फेऱ्या, तिन्ही वेळा दिवे काळे, आणि स्थानिक माणसाचा दुजोरा. मग टॅगच्या आधी ‘डिसयूज्ड’, म्हणजे ‘वापरात नाही’, हा उपसर्ग लावतो. नोड पुसत नाही. खांब उभा आहे, उद्या दुरुस्त होईल, आणि कुणीतरी तो पुन्हा नव्याने टाकत बसेल.

फोटो आणि व्हिडिओ यांच्याबद्दल दोन गोष्टी, ज्या मला फार उशिरा कळल्या. पहिली उन्हाची. सकाळी किंवा संध्याकाळी कलतं ऊन थेट दिव्याच्या तोंडावर पडलं की आतल्या आरशावरून परत येतं आणि बंद दिवाही पेटल्यासारखा दिसतो. जुन्या, बल्बच्या दिव्यांत हे जास्त. पश्चिमेकडे तोंड असलेल्या खांबाचा संध्याकाळी साडेपाचचा फोटो पाहून ‘चालू’ लिहू नका. दुसरी गोष्ट नेमकी उलटी. एलईडीचे दिवे आपल्या डोळ्यांना स्थिर दिसले तरी त्यातले बरेचसे विजेच्या लयीवर फार वेगाने लुकलुकत असतात. गाडीतल्या डॅशकॅमच्या फ्रेमची वेळ त्या विझण्याशी जुळली तर फोटोत धडधडीत चालू सिग्नल काळा दिसतो, कधी कधी सलग काही सेकंद. म्हणून एका फ्रेमवरून निकाल नाही. पुढची मागची क्लिप पूर्ण पाहा. मी डॅशकॅमचा उपयोग सिग्नल कुठे आहे एवढ्यापुरता करतो, अवस्था डोळ्यांनी पाहतो.

घरबसल्या किती काम होतं? बरंच होतं, पण सगळं नाही. उपग्रहाच्या चित्रात दिवा दिसत नाही. स्टॉप लाइन, झेब्रा पट्टे आणि क्वचित खांबाची सावली दिसते. स्टॉप लाइन सिग्नल नसलेल्या चौकातही मारतात, त्यामुळे तो पुरावा धरू नका. मॅपिलरीवर लोकांनी चढवलेले रस्त्यावरचे फोटो असतात. ते ओपनस्ट्रीटमॅपसाठी वापरायला परवानगी आहे, एडिटरमध्येच उघडतात, आणि फोटोतले दिवे मॅपिलरी आपोआप ओळखूनही दाखवतं. मात्र फोटोची तारीख पाहिल्याशिवाय नोंद करू नका. गूगलचं स्ट्रीट व्ह्यू २०२२ च्या जुलैमध्ये भारतात आलं, पहिल्या शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगरही होतं. मोह होतो, पण तिथून पाहून ओपनस्ट्रीटमॅपवर काहीही टाकायचं नाही. परवाना तशी मुभा देत नाही, आणि अशी एक नोंद सापडली की तुमच्या बाकीच्या शेकडो नोंदींवर संशय येतो. मुद्दा नियमापुरता नाही. हा नकाशा कुणाचीही परवानगी न मागता वापरता येतो तो याच शिस्तीमुळे.

उड्डाणपुलांखाली तर उपग्रह काही कामाचा नाही. नागपूरचा वर्धा रोड घ्या : वर मेट्रो, तिच्याखाली उड्डाणपूल, आणि तळाला मूळ रस्ता. ३.१४ किलोमीटरचा तो दुमजली पूल गिनीज बुकात गेला, पण मॅपरच्या दृष्टीने तिथे तीन रेषा एकावर एक आहेत. वरून पाहिलं तर सगळं एकच. घाईत माउस लागला की सिग्नलचा नोड पुलाच्या रेषेवर चिकटतो आणि पुलावरून विनाथांबा जाणाऱ्या गाड्यांना नकाशा सिग्नलला उभं करतो. मी ही चूक दुरुस्त करताना आधी पुलाची रेषा एडिटरमध्ये लपवतो, मग खालच्या रस्त्यावर काम करतो. पुण्याच्या नळ स्टॉपलाही तोच प्रकार, वर मेट्रो, मध्ये पूल, खाली कर्वे रस्ता. पुलाखाली फोनचा जीपीएसही भरवशाचा राहत नाही; उघड्यावर तो ३ ते ५ मीटरच्या आत असतो, पण पुलाखाली किंवा उंच इमारतींच्या गल्लीत पलीकडच्या रस्त्यावर नेऊन सोडतो. तिथे वहीत हाताने आकृती काढा. चार रेघा, खांबांना फुल्या, आणि ज्या बाजूला देऊळ किंवा पेट्रोल पंप आहे त्याचं नाव. घरी आल्यावर तीच आकृती सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

यादी मिळवायची असेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. बहुतेक शहरांत सिग्नल बसवणं आणि दुरुस्ती महापालिकेकडे, चालवणं वाहतूक पोलिसांकडे, म्हणून दोन्हीकडे करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, आणि महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे मजकूर १५० शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. ‘सिग्नल किती’ असं विचारू नका. ‘सिग्नल असलेल्या चौकांची नावं, बसवल्याचं वर्ष आणि आजची स्थिती’ असं विचारा. मला आलेल्या उत्तरांत दोन्ही कार्यालयांच्या याद्यांचा ताळा क्वचितच जुळला. एकाने चौक मोजले होते, दुसऱ्याने खांब. त्यात दोष काढू नका, त्यांचं काम त्या आकड्यावर चालतं. आणि ती यादी थेट नकाशावर उतरवायची नाही. ती कुठे जायचं हे सांगण्यासाठी आहे. पाहून आल्यावर जी नोंद कराल ती तुमच्या डोळ्यांची.

चौकांच्या नावांबद्दलही सांगायला हवं, कारण याद्या आणि लोक दोन वेगळ्या भाषा बोलतात. यादीत ‘लोकमान्य टिळक चौक’ असतं आणि तुम्ही अलकाला उभे असता. ‘आचार्य आनंदऋषीजी चौक’ शोधत फिराल आणि रिक्षावाला म्हणेल, विद्यापीठ चौक म्हणा ना. दादर टीटी म्हटलं की सगळ्यांना कळतं, खोदादाद सर्कल म्हटलं की जुनी मंडळीच मान हलवतात. मी लोकांच्या तोंडचं नाव आणि पाटीवरचं नाव दोन्ही नोंदवतो, मराठीतूनच. नाव चौकाला द्यावं, चार नोडना चार वेळा नव्हे.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती नोंद नकाशावर जातच नाही, ती ‘इथे सिग्नल नाही’ ही. ओपनस्ट्रीटमॅप असलेल्या वस्तूंचा नकाशा आहे, नसलेल्यांचा नाही. गडचिरोली किंवा सिंधुदुर्गात नकाशावर बिंदू दिसला नाही तर तिथे सिग्नल नाही, की तिथे अजून कुणी मॅपर गेलेला नाही? हे फक्त तुमची वही सांगू शकते. मी प्रत्येक गावातले मोठे चौक लिहितो, पाहिल्याची तारीख टाकतो, आणि सिग्नल नसेल तर ‘नाही’ असं स्पष्ट लिहितो. ओव्हरपासमध्ये मागची तारीख टाकून जुना नकाशाही काढता येतो आणि लोक त्यावरून ‘पाच वर्षांत सिग्नल दुप्पट झाले’ असे आलेख काढतात. वाढलेले असतात मॅपर. सिग्नल वाढले की नाही हे कळायचं तर पाच वर्षांपूर्वी कुणीतरी त्या चौकात उभं राहून ‘नाही’ लिहिलेलं असायला हवं.

पादचाऱ्यांचे दिवे पहिली काही वर्षं मी धरतच नव्हतो. माझे एक परिचित पूर्ण अंध आहेत, रोज एकटे कामावर जातात. एकदा त्यांच्याबरोबर चौकात उभा होतो. मी कौतुकाने सांगितलं की हा सिग्नल मी नकाशावर टाकला आहे. त्यांनी विचारलं, “मधे उभं राहायला जागा आहे का, ते टाकलंय? बटण कुठल्या खांबाला आहे? आवाज येतो का?” मी काहीच टाकलं नव्हतं. काठीने त्यांनी फूटपाथची कड चाचपली आणि गाड्यांच्या आवाजावरून रस्ता ओलांडला, मी शेजारी असताना. त्यानंतर मी माझे सगळे जुने चौक पुन्हा फिरलो. पादचारी सिग्नल आहे का, आवाज करतो का, बटण आहे का, दुभाजकात थांबायला मोकळी जागा आहे का, या प्रत्येकासाठी टॅग आहे. अँड्रॉइडवरचं स्ट्रीटकम्प्लीट हे ॲप नोंद झालेल्या क्रॉसिंगपाशी गेलं की यातले प्रश्न स्वतःच विचारतं, एडिटर न शिकताही उत्तरं देता येतात. दादर-माहीम भागात २०२० मध्ये पादचारी दिव्यांवर स्त्रीची आकृती आली तेव्हा तिचे फोटो सगळीकडे फिरले, फार छान वाटलं. पण त्या खांबाला आवाज आहे का, हे कुणी विचारताना मी ऐकलं नाही. तुम्ही विचारा.

फोटो काढताना थोडं भान ठेवा. रस्त्यात उतरून काढू नका, फूटपाथवरूनच. पुणे, खडकी, देवळाली, कामठी अशा कॅन्टोन्मेंटच्या भागात फोन खिशात ठेवा, डोळ्यांनी पाहा आणि वहीत लिहा. पोलिसांनी हटकलं तर नकाशा उघडून दाखवा. मला तरी आजवर दोन मिनिटं समजावून सांगितल्यावर मदतच झाली आहे. एकदा तर एका हवालदारांनी स्वतः पेटी उघडून कोणत्या बाजूला किती सेकंद दिले आहेत ते दाखवलं.

राज्य एकदम अंगावर घेऊ नका. ३६ जिल्हे आणि २९ महापालिका आहेत; सिग्नल बहुतांश महापालिकांच्या हद्दीत, उरलेले नगरपालिकांच्या गावांत आणि हायवेवर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी यांच्या मुख्य मार्गिका सोडून द्या, तिथे चौकच नाहीत. मुंबईने सुरुवात करू नका, तिथे आधीच पुष्कळ मॅपर आहेत आणि पहिल्याच महिन्यात दमून जाल. आपल्याच जिल्ह्यातलं मध्यम आकाराचं एक गाव घ्या, जिथे सिग्नलचे चौक दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील. साताऱ्यासारख्या गावात तर एका दिवसात खूप शिकायला मिळेल. पोवई नाक्याला आता ग्रेड सेपरेटर आहे, वरचा आणि खालचा रस्ता वेगळा कसा टाकायचा हे तिथे उभं राहिल्यावर जे कळतं ते माझ्या लिहिण्याने कळणार नाही.

पहिल्या रविवारी एवढंच करा. आदल्या रात्री ओव्हरपासवरून त्या गावातले नोड काढा, छापा किंवा फोनमध्ये ठेवा. वहीत सात रकाने आखा : चौकाचं बोली नाव, पाटीवरचं नाव, तारीख आणि वेळ, रस्ते किती, अवस्था, पादचारी दिवा, कुणाला विचारलं. सकाळी आठच्या आत पोहोचा, रस्ते मोकळे असतात आणि आकृती निवांत काढता येते. प्रत्येक चौकात एक पूर्ण चक्र. दुपारी बाराच्या सुमारास, ऊन डोक्यावर असताना, बंद वाटलेल्या चौकांची दुसरी फेरी. तिसरी त्या दिवशी नको, पुढच्या खेपेला, कामाच्या दिवशी संध्याकाळी जमली तर उत्तम. नकाशावर त्याच रात्री चढवा आणि प्रत्येक नोडला पाहिल्याच्या तारखेचा टॅग लावा. झोप आली असेल तर चढवणं उद्यावर टाका, पण वहीतली आकृती त्याच रात्री नीट काढून ठेवा, सकाळी कोणती फुली कोणत्या खांबाची ते आठवत नाही.